सहाव्या माळेची दुपार

आकाशपाळण्याला बारा डबे. सात नंबरचा निळा. त्याच्या दाराची कडी गेलेली, म्हणून तिथं सुतळी.

घटाच्या मातीत पाच धान्यं पेरतात. पाणी कमी पडलं तर रुजत नाही, जास्त झालं तर कुजतं. पाणी घालणारा हात नऊ दिवस एकच असावा.

मुका बार म्हणजे वात जळून गेली आणि उडालं नाही असं सुरुंगाचं भोक. त्याच्याजवळ अर्धा तास जायचं नाही. हे छापील कागदावर आहे. कागद कचेरीत आहे.

नळ एक दिवसाआड, पहाटे पाऊण तास.

काश्मीर पुठ्ठ्याचं. त्यावर चुना. पाणी मात्र खरं.

लांबच्या माणसाचं सुतक तो गेल्यापासून लागत नाही. ऐकल्यापासून लागतं.

अडीच.

यातलं कुठलं आधी, कुठलं नंतर, ते लावता येतं. पण दोन वाजून वीस मिनिटांनी पाळणा थांबला, सात नंबरचा डबा नेमका टोकाला येऊन लोंबकळला, आणि गहिनीनाथला ते लावावंसं वाटेना. समोरच्या फळीवर त्याची आई बसली होती. गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून दोन्ही मुलंही आक्काच म्हणत आली. नवरात्राचे तिचे अनवाणी पाय डब्याच्या तळाला टेकत नव्हते. दोन्ही हातांनी तिनं मांडीवरची पिशवी धरली होती. दांडा धरला नव्हता. तिच्या दोन मुलांपैकी थोरला, मच्छिंद्र, सकाळी आठ वाजता शेवगावकडच्या एका दुष्काळी कामावर सुरुंगात सापडून मेला होता. भाऊबंदांनी त्याला घोंगडीत झाकून पडवीत ठेवलं होतं, आणि आईनं तोंड बघावं म्हणून ते थांबले होते. दिवस मावळेपर्यंत थांबणार होते. तोवर पोचवणारी गाडी आता एकच उरली होती, अडीचची. स्टँड पाळण्यापासून दहा मिनिटांवर. हे सगळं गहिनीनाथला बारा वाजल्यापासून ठाऊक होतं, आणि ते त्यानं अजून तिला सांगितलं नव्हतं. खालून इंजिनवाला ओरडला, "तापलंय! पाच मिन्टं बसा निवांत, हवा खावा!" आणि गहिनीनाथला पहिल्यांदा जे वाटलं ते बरं वाटलं. आता आपल्या हातात काही नाही, असं. हे वाटणं त्यानं ओळखलं, आणि ते गेलं नाही.

बारा वाजता कचेरीत सहादेव आला होता. चुलतभाऊ, मच्छिंद्राच्याच टोळीतला. डोक्याचा पटका काढून हातात घेतलेला, केसांत अजून पांढरी दगडाची भुकटी. टेबलांच्या रांगेतून तो अगदी सरळ चालत आला आणि गहिनीनाथच्या खुर्चीशी वाकून हळू बोलला, दवाखान्यात बोलतात तसं. "बार मुका गेल्ता. मच्छिंदर म्हनला, बघून येतो. आमी वराडलो, न्हाई आसं न्हाई. पर त्याला ऐकूच यायचं न्हाई अलीकडं." मग थांबून, "तोंड चांगलं हाय. तोंडाला काय झालं न्हाई." शेजारच्या टेबलावरचा कारकून शाईची दौत हातात धरून तसाच राहिला होता. "मी एकच्या गाडीनं म्होरं जातो," सहादेव म्हणाला. "तुमी अडीचच्यानं या. आक्काला तूच सांगायचं, आसं ठरलंय." कुणी ठरवलं हे गहिनीनाथनं विचारलं नाही. गावानं ठरवलं असेल, असं धरलं. गाव असलं सगळं आपल्या आधी ठरवतं. सहादेव गेल्यावर टेबलावर त्याच्या तळहाताचा पांढरा ठसा उरला. गहिनीनाथनं तो पुसला नाही; त्यावर एक फाईल ठेवली.

बहात्तर साल, अश्विन, आणि हवेत भाजल्या विटेचा वास. दुसरं वर्ष कोरडं. आषाढात मच्छिंद्र खडी फोडायला बसला तेव्हा त्याच्या तळहातांवर फोड आले, फुटले, पुन्हा आले. तो नगरला आला होता, गहिनीनाथच्या बायकोच्या, चांगुणाच्या हातचा चहा प्यायला कप धरता येईना तर बशी फरशीवर ठेवून वाकून प्यायला, मांजरासारखा, आणि स्वतःच हसला. त्या हसण्यावर गहिनीनाथनं चिठ्ठी लिहिली. कामावरचा मुकादम ओळखीचा होता. 'सदर इसम माझा बंधू असून त्यास सुरुंगाच्या टोळीत घ्यावे.' सुरुंगाच्या टोळीला भोकं भरेपर्यंतच काम, मग झाडाखाली बसायचं. सावली. सगळ्या तालुक्यात सावलीचं काम तेवढं एक होतं, आणि ते त्यानं भावाला मिळवून दिलं. आक्का तेव्हा म्हणाली होती, "खडी फोडू दे त्याला. हात काय, बरं व्हत्यात. सुरुंगाच्या टोळीत घालू नको, गहिनी." तो म्हणाला होता, "आक्का, तुला त्यातलं कळत न्हाई. त्याचे नियम छापलेले असत्यात." छापलेले. नंतर मच्छिंद्र यायचा तो मोठमोठ्यानं बोलायचा. कानात शिट्टी वाजते म्हणायचा, सारखी, गाडी लांबून येत असल्यासारखी. खोलीच्या भिंती पातळ. शेजारची रंगुबाई चांगुणाला विचारायची, "काय गं, भावजी रागावल्यात का?" आणि दोघी हसायच्या. गहिनीनाथही हसायचा. भाऊ बहिरा होत चालला होता आणि ते त्या खोलीत गमतीचं झालं होतं.

म्हणून सांगायचं म्हणजे नुसतं 'मच्छिंद्र गेला' एवढंच नव्हतं. त्याला चिठ्ठीची शेपटी होती. ते दोन शब्द जिभेवर घेतले की तिसरा, चौथा आपोआप येणार, आणि आक्का नुसती बघेल. त्या बघण्यापर्यंत त्याला जायचं नव्हतं. कचेरीतून खोलीकडं चालताना त्याला घट आठवला. घट आठवला तेव्हा सुटल्यासारखं झालं. चांगुणाचे दोन गर्भ पडले होते. हा तिसरा, चौथा महिना सरत आलेला. तिनं यंदा घट बसवायचा नवस बोलला होता, म्हणून आक्का शेतातली माती फडक्यात बांधून नगरला आली होती, बांधाकडची, जिथं म्हणे अजून थोडी ओल होती. आज सहावी माळ. सुतक आलं तर घट उचलायचा, अर्ध्यातून, कोंब आलेले असताना. ते चांगुणाच्या मनाला लागेल. मनाला लागलं की पोटाला. त्याचा सुतकावर विश्वास नव्हता. कचेरीत तो असल्या गोष्टींची टिंगल करायचा. पण आता तो रस्त्याच्या कडेनं चालत एखाद्या वकिलासारखा विचार करत होता: न ऐकलेलं सुतक लागत नाही; दसऱ्यापर्यंत कुणी ऐकलं नाही तर कुणाला लागणार नाही; चार दिवसांचा तर प्रश्न. चार दिवसांत मच्छिंद्र राख झालेला असेल आणि आक्कानं त्याचं तोंड बघितलेलं नसेल, हे वाक्य त्याच विचाराच्या आत होतं, घडी घालून. त्यानं ते उलगडलं नाही.

खोलीच्या उंबऱ्यापाशी तो थांबला. आत गेला नाही. आत कोपऱ्यात घट, वर तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या पाच माळा, पहिल्या दोन वाळून काळ्या पडलेल्या. एक वाजला होता. आक्का दाराशीच भिंतीला टेकून बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात पिशवी.

"लवकर आलात?" चांगुणा आतून म्हणाली.

"अर्धी रजा टाकली."

"बरं झालं. बघा तुमीच आत्याबाईंकडं. मघापास्नं अश्याच बसल्यात. घटाला पानी घाला म्हनलं तर म्हनल्या तूच घाल. माळ ओवा म्हनलं तर म्हनल्या डोळ्यांनी दिसंना. काल तर सुई एका दमात ओवली."

"उपासानं होतं," गहिनीनाथ म्हणाला. "आक्का, चल, जरा भाईर जाऊन येऊ."

"चल," आक्का म्हणाली आणि उठली. कुठं, ते तिनं विचारलं नाही.

रंगुबाई तिच्या दारात तांदूळ निवडत होती. "काय आक्का, लेक मेळा दाखवतोय वाटतं? मज्जा हाय बाई एकीची! आमचा लेक देवळात सुदिक न्हेत न्हाई." आक्का तिच्याकडं बघून हसली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दे इकडं," गहिनीनाथ म्हणाला. "आसू दे," ती म्हणाली.

चौकापर्यंत त्याला खरोखर वाटत होतं की आपण सांगणार. डावीकडं स्टँड. वाक्यही तयार होतं. 'आक्का, मच्छिंद्राला लागलंय.' आधी लागलंय म्हणायचं, मग गाडीत हळूहळू पुढचं. सगळे असंच करतात. आक्का चौकात आपणहून डावीकडं वळली. दोन पावलं गेली. आणि त्या दोन पावलांनीच त्याला धक्का बसला, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसा. तिला तिकडं जाताना बघून त्याच्या तोंडून निघालं, "तिकडं न्हाई आक्का, इकडं."

ती थांबली. "इकडं?"

"व्हय. मैदानात आनंदनगरी आलीय. दाखवतो म्हनलो हुतो न् तुला."

ती त्याच्याकडं बघत राहिली. ऊन तिच्या कपाळावर सरळ पडलं होतं आणि तिनं डोळेही बारीक केले नव्हते. मागून एका टांगेवाल्यानं ओरडून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मग ती त्याच्या मागून उजवीकडं आली.

दिव्यांची जागा दिवसा बघू नये. 'नवरंग आनंदनगरी'च्या कमानीवरचे बल्ब विझलेले, मेलेल्या माशांसारखे. मरणविहिरीच्या फळ्यांवर मोटारसायकलीवरची बाई रंगवलेली, तिचा एक गाल उन्हानं पापुद्रे होऊन उडालेला. दुपारचा खेळ बायकांसाठी असायचा, पण दहा-बारा बायका आणि त्यांची पेंगुळलेली पोरं सोडली तर मैदान रिकामं होतं. तिथं एक तंबू 'काश्मीर दर्शन' नावाचा. आत पुठ्ठ्याचे डोंगर, चुन्याचं बर्फ, कापसाचे ढग, आणि मधोमध धबधबा. पाणी वरून खाली पडत होतं, खालच्या हौदात जमत होतं, कुठंतरी मोटर घरघरत होती. हवेत गारवा होता. शेजारी उभ्या असलेल्या एका खेडवळ बाईनं हौदात हात घातला आणि ओल्या हातानं पोराचं तोंड पुसलं, तर रखवालदार खेकसला, "ए बाई, पानी खराब व्हतंय!" आक्का धबधब्याकडं बघत होती. तिच्या गावात विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचे.

"हे पानी जातं कुटं?" तिनं विचारलं.

"कुटंच न्हाई. हौदातनं परत वर जातं. तेच ते पडतं."

"तेच ते," ती म्हणाली. "मग नवं काय बघायचं त्यात?"

घड्याळात दोन वाजायला पाच कमी. अजून वेळ होता. त्याला वाटलं आता ती म्हणेल, चल घरी. म्हणाली नाही. ती उभीच राहिली, त्याच्या बाजूला, किंचित त्याच्याकडं वळून, बहिऱ्या माणसाजवळ उभं राहावं तशी. या गार अंधारात, मोटरीच्या आवाजाआड सांगता आलं असतं. इथं कुणी ओळखीचं नव्हतं, इथं रडता आलं असतं. तो म्हणाला, "पाळण्यात बसू." आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

पाळण्यापाशी पंधरा मिनिटं गेली, बारा डबे भरतील तेवढे भरेपर्यंत. पाळणेवाल्यानं सात नंबरच्या दाराला सुतळी बांधता बांधता आक्काची थट्टा केली. "म्हातारे, घट्ट धर. वरून तुझं गाव दिसंल बघ! कुटलं गाव?" आक्कानं गावाचं नाव सांगितलं. "मंग दिसतंयच! धूर निघालेला सुदिक दिसतो." तो सगळ्यांनाच तसं म्हणत असणार. मग जमीन गेली. मच्छिंद्रानं त्याला लहानपणी एकदा जत्रेत लाकडी पाळण्यात बसवलं होतं, माणसांनी हातानं फिरवायच्या, आणि स्वतः खाली उभा राहून प्रत्येक फेरीला हात वर करून "मी हितंच हाय!" ओरडत होता. प्रत्येक फेरीला. तो चार वर्षांचा असेल, मच्छिंद्र नऊ. वर गेलं की त्याला भाऊ दिसत नसे आणि तो रडे, खाली आलं की दिसे आणि तो रडायचा थांबे. शेवटी पाळणेवालाच वैतागला: "आरं, एक तर रड न्हाई तर हास!" मग मच्छिंद्रानं शाळा सोडली, गहिनीनाथनं धरली. मग कचेरी. मग चिठ्ठी.

आणि आता टोक. डबा हलत होता, करकरत होता. खाली सगळं सपाट झालेलं: कौलं, पत्रे, किल्ल्याभोवतीच्या झाडांचं एक हिरवं वर्तुळ, त्यापलीकडं पिवळी पडलेली जमीन सुरू होऊन कुठं संपतच नव्हती. पूर्वेला डोंगरावर चांदबिबीचा महाल, आणि त्याच्या बाजूनं गेलेला रस्ता. स्टँडच्या आवारात लाल गाड्या काड्यापेट्यांसारख्या उभ्या. दोन पंचवीस. पाळणा आत्ता सुटला आणि आपण पळालो तर. कंडक्टरला हात केला तर. हे तो अगदी नीट मोजत होता आणि मोजताना त्याला कळत होतं की आपण संपायची वाट बघतोय.

"गहिनी."

"आं."

"मला काय सांगायचंय का तुला?"

वारा होता. खालच्या डब्यातलं कुणाचं तरी पोर किंचाळत होतं, गमतीनं की भीतीनं ते कळत नव्हतं. आक्काचा चेहरा हातभर अंतरावर होता, इतक्या जवळून त्यानं तो कित्येक वर्षांत बघितला नव्हता. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, हनुवटीवर गोंदण. ती आपल्या चेहऱ्यावर काय शोधतेय ते त्याला कळेना. पोट बरं नाही का, पैशाची अडचण आहे का, असलं काहीतरी असेल. आयांना कळतं म्हणतात. पण काय कळतं?

"न्हाई," तो म्हणाला. "काय न्हाई. का?"

"काय न्हाई तर काय न्हाई."

तिनं मान वळवली. स्टँडमधून एक लाल गाडी बाहेर पडली, थोडा वेळ घरांच्या आड गेली, पुन्हा दिसली, पूर्वेच्या रस्त्याला लागली. मागं धुळीची लांब रेघ राहिली. ती रेघ डोंगरापर्यंत वाढत गेली. "ती कुटली गाडी?" आक्कानं विचारलं.

"पुण्याची आसंल."

पुण्याचा रस्ता तिच्या पाठीकडं होता, आणि ती नगरला काही पहिल्यांदा आली नव्हती. खाली इंजिन ठसकलं, डिझेलचा धूर वर आला, पाळणा हलला. उतरताना तिनं त्याचा हात धरला नाही. सुतळी सोडणाऱ्याला म्हणाली, "दिसलं रं बाबा गाव." तो हसला. "मग? खोटं सांगत न्हाय आपन."

परतताना ती त्याच्या पुढं चालत होती. कधी नव्हे ती इतकी भरभर. चौकात थांबली नाही. खोलीत गेल्यावर घटाकडं न बघता मागच्या बाजूला न्हाणीत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. आतून पाण्याचा आवाज येत नव्हता; पाणी नव्हतंच. चांगुणानं विचारलं, "कसा हुता मेळा?" तो म्हणाला, "बरा." सहावी माळ चांगुणानं एकटीनं ओवली. गहिनीनाथ बाहेर ओट्यावर बसून राहिला, सूर्य कौलांच्या मागं जाईपर्यंत, आणि कौलं काळी झाल्यावर त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं. दसऱ्याला सांगू. सोनं दिल्यावर, जेवणं झाल्यावर. तेव्हा घट हललेला असेल. आत आक्का बाहेर आल्याचा आवाज झाला. तिनं चांगुणाला सांगितलं की ती आज खोलीत झोपणार नाही, ओट्यावर झोपेल, आणि उद्यापासून तिचं ताट वेगळं वाढ. "का हो आत्याबाई?" "आसंच. अंगात कसर हाय." गहिनीनाथनं सरकून तिला जागा करून दिली. ती त्याच्यापासून हातभर लांब, पूर्वेकडं तोंड करून बसली.

सहादेव त्या दिवशी कचेरीत येण्याआधी खोलीवर गेला होता. सव्वाअकरा वाजले होते. चांगुणा न्हाणीत होती. दार आक्कानं उघडलं. तिनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, तोंड चांगलं आहे का ते विचारलं, आणि म्हणाली, "हितं काय बोलू नको, पोर घटाला बसलीय. गहिनीच्या हापिसात जा. त्यो मला भाईर न्हेऊन सांगंल."